शनिवारचा सामना आणि शिस्तीचा अधिकार

१० सप्टेंबर १९९५ च्या पहाटे अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या राजधानीत, लिंकन शहरात, लॉरेन्स फिलिप्स नावाच्या विद्यार्थी-खेळाडूने एका सदनिकेत शिरून आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली आणि तिला केसांना धरून जिन्यावरून खाली फरफटत नेले. आदल्याच दिवशी नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडून (हा हातात चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकी फुटबॉल) खेळताना त्याने मिशिगन स्टेटविरुद्ध चार टचडाउन केले होते, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला होता, आणि विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान असलेल्या हाइझमन करंडकासाठी त्याचे नाव घेतले जात होते. मार खाणारी तरुणीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आणि तिथल्याच महिला बास्केटबॉल संघाची खेळाडू होती. मुख्य प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी फिलिप्सला संघातून काढल्याचे लगोलग जाहीर केले. परंतु थोड्याच दिवसांत हकालपट्टीचे रूपांतर निलंबनात झाले. न्यायालयात फिलिप्सने किरकोळ वर्गातल्या आरोपांना विरोध केला नाही, त्याला एका वर्षाचे प्रोबेशन मिळाले आणि सहा सामने बाहेर बसल्यानंतर नोव्हेंबरच्या आरंभी तो पुन्हा मैदानात उतरला. २ जानेवारी १९९६ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवणाऱ्या फिएस्टा बोल सामन्यात ('बोल' म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना) तो १६५ यार्ड धावला आणि नेब्रास्काने फ्लोरिडाचा ६२-२४ असा धुव्वा उडवला.

या प्रकरणाला तीन दशके उलटली, तरी त्यातला मूळ प्रश्न अमेरिकेच्या विद्यापीठांनी अजून सोडवलेला नाही. मैदानाबाहेर गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूला किती शिक्षा द्यावी, यावर तिथे प्रत्येक हंगामात वाद झडतो. माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी चालतो. शिक्षा किती, याच्या आधी ती कोणी ठरवायची, हे ठरले पाहिजे. आणि ज्याची नोकरी, पगार व कीर्ती पुढच्या शनिवारच्या, म्हणजे सामन्याच्या दिवसाच्या, निकालावर अवलंबून आहे त्याच्या हाती हा अधिकार कोणत्याही परिस्थितीत असता कामा नये.

या खेळाचा पसारा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना 'कॉलेजचा संघ' म्हटल्यावर आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर येतील. पण तशी कल्पना करून भागणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि असे लाखाच्या पुढचे स्टेडियम असलेली विद्यापीठे तिथे आणखीही आहेत. बहुसंख्य राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. तो राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून आणि तिकिटांतून येणारा पैसा इतका मोठा आहे की संघाचे यशापयश हा विद्यापीठाच्या प्रतिष्ठेचा आणि काही ठिकाणी शहराच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न होतो. उच्च शिक्षणासाठी तिथे जाणारे मराठी विद्यार्थी आणि तिथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुले याच विद्यापीठांच्या वसतिगृहांत राहतात. शनिवारी संघाच्या रंगाचा सदरा घालून स्टेडियमकडे जाणाऱ्या गर्दीत तीही असतात. ज्या आवारात एका खेळाडूला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा न्याय लागतो, त्या आवारात त्यांच्या मुलीही शिकत असतात.

ऑस्बर्न हे काही निर्ढावलेले गृहस्थ नव्हते. धर्मनिष्ठ, मितभाषी, राज्यभर आदराने पाहिले जाणारे असे ते प्रशिक्षक होते. निवृत्तीनंतर २००० मध्ये नेब्रास्काच्या मतदारांनी त्यांना अमेरिकी काँग्रेसवर निवडून दिले. त्यांचे म्हणणे असे होते की फिलिप्स कॅलिफोर्नियात बालसुधार व्यवस्थेच्या आश्रयाने वाढलेला मुलगा आहे, फुटबॉल संघ हीच त्याच्या आयुष्यातली एकमेव शिस्तबद्ध चौकट आहे आणि तीही काढून घेतली तर तो वाहवत जाईल. टीकाकारांनी त्यांच्यावर अजिंक्यपदासाठी तडजोड केल्याचा आरोप केला. हा आरोप मला पुरता पटत नाही. त्या हंगामात नेब्रास्काने प्रत्येक सामना किमान १४ गुणांच्या फरकाने जिंकला. फिलिप्सच्या अनुपस्थितीत आमान ग्रीन हा पहिल्या वर्षाचा खेळाडू उत्तम धावत होता. जिंकण्यासाठी फिलिप्सची गरज होती असे आकडे सांगत नाहीत. ऑस्बर्न यांचा हेतू प्रामाणिक होता असेच आपण धरून चालू.

तरीही त्यांचा निर्णय चुकलाच, आणि हेतू प्रामाणिक असूनही तो चुकला म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. प्रशिक्षक आपल्या खेळाडूला दोन-तीन वर्षे रोज पाहतो. त्याला संघात आणण्यासाठी तो त्याच्या घरी गेलेला असतो, त्याच्या पालकांना 'तुमचा मुलगा आता माझी जबाबदारी' असे वचन देऊन आलेला असतो. त्या मुलीला मात्र तो ओळखत नसतो. तिचा भूतकाळ, तिची भीती, तिच्या अभ्यासाचे पुढे काय होणार, हे त्याच्यासमोर मांडणारे कोणीच नसते. फिलिप्सचे पुनर्वसन कसे होईल याचा विचार करायला अख्खा फुटबॉल विभाग होता. तिने त्याच आवारात, त्याच व्यायामशाळांच्या परिसरात, मारणाऱ्याच्या नावाचा जयघोष ऐकत कसे राहायचे याचा विचार करण्याचे काम कोणाकडे होते? एका पक्षाचा पालक असलेला माणूस दुसऱ्या पक्षाचा न्याय करायला बसला की त्याच्या चांगुलपणाचा उपयोग एकाच बाजूला होतो.

आणि ज्याच्या भल्यासाठी हे केले त्याचे तरी काय झाले? १९९६ च्या निवड प्रक्रियेत व्यावसायिक संघांनी फिलिप्सला सहाव्या क्रमांकावर उचलले, पण एकेका संघाने त्याला सोडून दिले. पुढे हिंसेच्या गंभीर गुन्ह्यांत त्याला ३१ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. १९९५ मध्ये हंगामभर बाहेर बसवले असते तर त्याचे आयुष्य वेगळे झाले असते, असा दावा मी करणार नाही. एवढेच म्हणता येईल की मैदानात परत घेतल्याने ते सावरले नाही.

आता या खेळाची नियामक संस्था काय करते ते पाहू. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे एनसीएएचा, जन्म १९०६ मध्ये झाला. १९०५ च्या हंगामात फुटबॉल खेळताना झालेल्या मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांना बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले, त्यातून ही संघटना उभी राहिली. हिंसेला आवर घालण्यासाठी निघालेल्या या संस्थेने नंतरची अनेक दशके मुख्यतः एकाच गोष्टीवर पहारा दिला: खेळाडूला पैसा मिळू नये. १९८७ मध्ये टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला संघटनेने आजवरची सर्वांत कठोर शिक्षा दिली आणि त्या वर्षीचा त्यांचा पूर्ण फुटबॉल हंगाम रद्द केला. अपराध होता खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याचा. २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने स्वतः घातलेली जर्सी एक हजार डॉलरना विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसावे लागले. २०१४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या टॉड गर्ली याने स्वाक्षऱ्यांचे पैसे घेतले म्हणून त्यालाही चार सामने. ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी आपल्याच अंगठ्या आणि स्मृतिचिन्हे विकली, गोंदवून घेताना सवलत मिळवली, म्हणून डिसेंबर २०१० मध्ये त्यांच्यावर पाच सामन्यांची बंदी आली. गंमत अशी की ही बंदी पुढच्या हंगामापासून लागू झाली आणि जानेवारीतला मोठ्या कमाईचा शुगर बोल सामना मात्र त्यांना खेळू दिला गेला. पैशाच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली संस्थासुद्धा मोठा सामना आला की वेळापत्रक बघत होती.

या शिक्षांच्या शेजारी बेलर विद्यापीठाचे प्रकरण ठेवले की विसंगती उघडी पडते. टेक्सासमधील वेको शहरातले हे बाप्टिस्ट पंथाचे विद्यापीठ फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षे तळाशी होते. आर्ट ब्राइल्स यांनी २००८ पासून संघाची सूत्रे हाती घेतली. २०११ मध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधार खेळाडूला, हाइझमन करंडक मिळाला, २०१३ मध्ये संघाने आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचे, अजिंक्यपद जिंकले आणि २०१४ मध्ये नदीकाठी २६ कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे नवे स्टेडियम उभे राहिले. याच काळात बेलरच्या एका माजी खेळाडूला लैंगिक अत्याचाराबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली आणि आणखी तक्रारी पुढे येत राहिल्या. विद्यापीठाने नेमलेल्या कायदे सल्लागार संस्थेचे निष्कर्ष मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार फुटबॉल विभागातील लोक तक्रारदार मुलींना किंवा त्यांच्या पालकांना स्वतःच भेटले, आपल्या परीने 'चौकशी' केली आणि जे कळले ते विद्यापीठाच्या संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवले नाही. परिणामी फुटबॉल नियमांच्या वर आहे, अशी भावना आवारात रुजली. दुसऱ्या विद्यापीठांतून येणाऱ्या खेळाडूंची पूर्वपीठिकाही नीट तपासली गेली नव्हती. २०११ पासून १७ स्त्रियांनी १९ खेळाडूंविरुद्ध लैंगिक किंवा घरगुती हिंसेच्या तक्रारी केल्याचे विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या सदस्यांनीच पुढे वृत्तपत्राला सांगितले.

ब्राइल्स यांना पद सोडावे लागले, परंतु करारातील तडजोडीपोटी त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर मिळाले. केनेथ स्टार यांनाही विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या खासगी वर्तनाचा तपशीलवार अहवाल देशासमोर ठेवणारे सरकारी वकील ते हेच. एनसीएएचा निकाल यायला ऑगस्ट २०२१ उजाडला. बेलरने आपल्या नैतिक अपयशाची कबुली दिली, पण हे अपयश संघटनेच्या कोणत्याही नियमाचा भंग ठरत नाही, असा युक्तिवाद केला. आणि निवाडा समितीने अत्यंत नाइलाजाने, असे स्वतःच नमूद करून, तो मान्य केला. इतर काही नियमभंगांबद्दल चार वर्षांची देखरेख आणि पाच हजार डॉलरचा मूळ दंड झाला. म्हणजे जर्सी विकणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी नियमपुस्तकात कलम होते. अत्याचाराच्या तक्रारी दाबून ठेवणाऱ्या विभागासाठी नव्हते. समितीने कायद्याच्या दृष्टीने चूक केली असे मला वाटत नाही. नसलेल्या कलमाखाली शिक्षा देणे हाही अन्यायच असतो, आणि एनसीएएने तो प्रयोग एकदा करून पाहिला होता: पेन स्टेट विद्यापीठातील सहायक प्रशिक्षकाने मुलांवर केलेल्या अत्याचारांनंतर २०१२ मध्ये सहा कोटी डॉलरचा दंड, चार वर्षांची बोल-बंदी आणि जुन्या विजयांवर फुली, असे सगळे संघटनेने विशेषाधिकारात, घाईने लादले, न्यायालयीन लढाईत तिची बाजू कमकुवत ठरू लागली आणि २०१५ मध्ये ते विजय परत द्यावे लागले. दोष निवाड्याचा नाही. शंभर वर्षे नियम लिहिताना कोणत्या गोष्टीला अपराध मानायचे, या निवडीचा तो दोष आहे.

नियम नसला की निर्णय प्रशिक्षकाकडे जातो, आणि त्याचा निर्णय कोणत्या दिशेने झुकतो हे ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. जुलै २०१४ मध्ये जो मिक्सन या नवागत खेळाडूने एका उपाहारगृहात विद्यार्थिनीच्या तोंडावर ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याची हाडे मोडली. सगळा प्रकार तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला होता आणि विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी ते चित्रीकरण तेव्हाच पाहिले होते. मिक्सनला पूर्ण हंगामासाठी बाहेर ठेवण्यात आले आणि नंतर तो दोन हंगाम खेळला. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर ते चित्रीकरण लोकांसमोर आले, तेव्हा प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांनी सांगितले की आज असे घडले असते तर त्या खेळाडूला संघातून काढूनच टाकले असते. अडीच वर्षांत घटना तीच राहिली, पुरावाही तोच राहिला. फरक पडला तो एवढाच की पुरावा आता सर्वांनी पाहिला होता. एका हंगामाची बंदी ही त्या काळच्या मानाने कमी नव्हती हे मान्य करूनही म्हणावे लागते की जी शिक्षा प्रेक्षकसंख्येनुसार बदलते ती जनसंपर्काचा भाग असते.

अशा वेळी 'संघाच्या नियमांचा भंग' हे शब्द फार कामाला येतात. प्रशिक्षक एवढेच जाहीर करतो. नियम कोणता, भंग कोणता, शिक्षा कोणत्या प्रमाणात, हे सांगत नाही. हंगामाच्या सुरुवातीला दुबळ्या संघांशी ठरवलेले सामने असतात आणि निलंबन बरेचदा तिथेच भोगून होते. २०१३ मध्ये टेक्सास ए अँड एमचा हाइझमनविजेता जॉनी मॅन्झिएल स्वाक्षऱ्यांच्या प्रकरणात अडकला, तेव्हा त्याला राइस विद्यापीठाविरुद्धच्या पहिल्या सामन्याचा पहिला अर्धा भाग, फक्त अर्धा भाग, बाहेर बसवण्यात आले. ते प्रकरण हिंसेचे नव्हते आणि त्यात मोठी शिक्षा व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. पण शिक्षा केल्याचे दिसावे आणि कोणाला ती जाणवू नये, ही कला त्या अर्ध्या सामन्यात परिपूर्ण झाली.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रोस (जाळीच्या काठ्यांनी खेळायचा खेळ) संघातील तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. संघाचा उरलेला हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाला जावे लागले, आणि वर्षभराने महाधिवक्त्याने तिघेही निर्दोष असल्याचे जाहीर केले. ज्या सरकारी वकिलाने पुरावे दडवून खटला रेटला त्याची सनद गेली. फुटबॉलमध्ये याला आणखी एक पदर आहे. मोठ्या संघांतील खेळाडूंत कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण फार मोठे आहे; त्यांना संघात घेणारे, त्यांच्यावर देखरेख ठेवणारे आणि त्यांच्यावर संतापणारे देणगीदार बहुतांश गोरे असतात. ज्या देशात कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी हटकणे ही नित्याची बाब आहे, तिथे अटकेच्या आकड्यांवरून चारित्र्याचे निदान करणे धोक्याचे आहे. २०११ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड हे नियतकालिक आणि सीबीएस ही वाहिनी यांनी आघाडीच्या २५ संघांतील २,८३७ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे सात टक्के खेळाडूंवर कधी ना कधी गुन्ह्याची नोंद आढळली. या सात टक्क्यांपेक्षा मला त्याच पाहणीतली दुसरी माहिती अधिक बोलकी वाटते: संघात घेण्यापूर्वी खेळाडूंची कोणत्याही प्रकारची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणारी विद्यापीठे त्या २५ पैकी फक्त दोन होती.

डिसेंबर २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात हे सगळे ताण एकत्र आले. विद्यार्थिनीच्या तक्रारीनंतर सरकारी वकिलाने खटला भरण्यास नकार दिला होता, पण विद्यापीठाच्या समानसंधी कार्यालयाने स्वतंत्र चौकशी केली आणि त्यानंतर दहा खेळाडूंना निलंबित करण्यात आले. आपल्या सहकाऱ्यांना बाजू मांडण्याची संधी न देता शिक्षा केली, असे म्हणत संपूर्ण संघाने सरावावर बहिष्कार टाकला. प्रशिक्षक ट्रेसी क्लेज यांनी खेळाडूंच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. चौकशीचा अहवाल माध्यमांत प्रसिद्ध झाला आणि दोन दिवसांत बहिष्कार मागे घेतला गेला. संघ बोल सामना जिंकला, क्लेज यांची नोकरी गेली, आणि पुढच्या सुनावण्यांत दहांपैकी काहींवरील कारवाई रद्दही झाली. खेळाडूंची प्रक्रियेविषयीची मागणी रास्त होती. ज्या क्षणी ती केली आणि जिच्याविरुद्ध ती उभी राहिली त्या मुलीला तिचा जो अर्थ लागला असेल, तो मात्र त्यांच्या ध्यानात उशिरा आला.

यातून मार्ग काढायला आपल्याकडच्या सरकारी सेवेतील एक जुनी तरतूद उपयोगी पडेल असे मला वाटते. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याला निलंबित केले जाते, तेव्हा सेवा नियमांनुसार ती शिक्षा मानली जात नाही. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, दोष सिद्ध झाला तरच शिक्षा होते आणि सिद्ध न झाल्यास तो सन्मानाने परत येतो. आपल्याकडे ही तरतूद कशी राबवली जाते आणि चौकश्या किती रेंगाळतात हा वेगळा, खेदाचा विषय आहे. पण तिच्यातले तत्त्व नेमके आहे. गंभीर हिंसेची प्रथमदर्शनी ग्राह्य तक्रार आली की खेळाडूने सामने खेळायचे नाहीत. त्याची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, अभ्यासाची मदत, वैद्यकीय सेवा, समुपदेशन, हे सर्व चालू राहावे. ऑस्बर्न यांना फिलिप्ससाठी जी चौकट हवी होती ती अशी देता आली असती. त्या चौकटीत फिएस्टा बोल असण्याची गरज नव्हती. खेळाडूला आधार देणे आणि त्याला सामन्यात उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच असल्याचे भासवण्यावरच प्रशिक्षकांचा सगळा 'दुसऱ्या संधी'चा युक्तिवाद उभा आहे. दुसरी संधी जरूर द्यावी, परंतु ती शिक्षणाची असावी. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर चेंडू घेऊन धावण्याचा हक्क कोणालाच जन्मतः मिळालेला नसतो.

हा निर्णय प्रशिक्षकाने घेऊ नये, आणि क्रीडा विभागानेही नाही. खरे तर एकट्या विद्यापीठावरही तो सोडू नये, कारण बेलरमध्ये अध्यक्षापर्यंत सगळे एकाच यशाचे वाटेकरी होते. अनेक विद्यापीठे मिळून ज्या कॉन्फरन्स बनतात त्यांच्या पातळीवर निवृत्त न्यायाधीश, विद्यार्थी-हक्कांचे वकील आणि लैंगिक हिंसेच्या चौकशीचे प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ यांचे कायम मंडळ असावे. तात्पुरत्या बंदीचा निर्णय काही दिवसांत आणि अंतिम निर्णय ठरलेल्या मुदतीत व्हावा. दोन्ही बाजूंना वकील आणि अपील मिळावे. मुदत महत्त्वाची आहे, कारण चार हंगामांच्या कारकिर्दीत एक हंगाम चौकशीत गेला आणि खेळाडू निर्दोष ठरला तर त्याची भरपाई केवळ शब्दांनी होत नाही. अशा खेळाडूला गेलेला हंगाम पात्रतेत परत मिळावा, अशी सोय नियमात आधीच असली पाहिजे.

काही पावले पडली आहेत. आग्नेय राज्यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, २०१५ मध्ये गंभीर गैरवर्तनामुळे एका विद्यापीठातून काढलेल्या खेळाडूला दुसऱ्या सदस्य विद्यापीठाने घेण्यावर बंदी आणली. इंडियाना विद्यापीठाने २०१७ मध्ये लैंगिक किंवा घरगुती हिंसेत दोषी ठरलेल्यांना कोणत्याच खेळात प्रवेश द्यायचा नाही असे ठरवले. एनसीएएने २०२० मध्ये आणलेल्या धोरणानुसार खेळाडूंनी अशा कारवाईची माहिती दरवर्षी स्वतः द्यायची आहे आणि विद्यापीठांनी ती एकमेकांकडून मागवायची आहे. हे सर्व स्वागतार्ह असले तरी यातले बहुतेक नियम निकाल लागल्यानंतरचे आहेत. तक्रार आल्यापासून निकालापर्यंतचा जो काळ, ज्यात सामने होतात, करंडक जिंकले जातात आणि मुली विद्यापीठ सोडून जातात, तो बहुतेक ठिकाणी अजून प्रशिक्षकाच्याच ताब्यात आहे.

दरम्यान खेळाडूंना उघडपणे पैसे मिळू लागले, आणि त्याबरोबर शिस्तीचे एक नवे साधनही आले. जॉर्जियाने सलग दुसरे अजिंक्यपद जिंकल्यावर १५ जानेवारी २०२३ च्या पहाटे, विजययात्रेनंतर काही तासांत, संघातील एक खेळाडू आणि विभागातील एक तरुण कर्मचारी ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने झालेल्या मोटार अपघातात मरण पावले. त्या वेळी दुसऱ्या गाडीशी शर्यत चालू होती. दोन जीव गेल्यावरही त्या संघातील खेळाडूंना बेफाम वेगाबद्दल पोलिसांनी पकडण्याचे प्रकार थांबले नाहीत, तेव्हा प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी सांगितले की आता खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांतून दंड कापला जातो. वेगाने गाडी चालवण्यासारख्या बाबतीत मला हा उपाय वाईट वाटत नाही. विशीतल्या मुलाला उपदेशापेक्षा कापलेला पैसा लवकर समजतो. मात्र हाच मार्ग हिंसेच्या प्रकरणांत वापरला जाण्याचा मोह मोठा आहे. दंड संघाच्या पलीकडे कोणाला कळत नाही, त्यात तक्रारदाराला स्थान नसते आणि दंड भरलेला खेळाडू शनिवारी उपलब्ध असतो.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या, खेळाडू आणि एनसीएए यांच्यातील तडजोडीनंतर विद्यापीठे आपल्या खेळाडूंना वर्षाला दोन कोटी डॉलरपर्यंत, किंबहुना थोडे अधिकच, थेट वाटू शकतात. हौशीपणाचा जो नियम राखण्यासाठी ए. जे. ग्रीन आणि गर्ली यांना बाहेर बसवले होते तो आता नावापुरताही उरलेला नाही. या नव्या व्यवस्थेवर लक्ष ठेवण्यासाठी मोठ्या कॉन्फरन्सनी एक नवा आयोगही स्थापन केला. जुन्या नियमपुस्तकाचे ओझे नसलेली ही संस्था होती आणि तिला कोणते अधिकार द्यायचे हे ठरवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य विद्यापीठांना होते. त्यांनी तिच्यावर सोपवलेले काम असे: विद्यापीठाने वाटलेला पैसा मर्यादेत आहे का ते पाहणे, संघातील खेळाडूंची संख्या मोजणे आणि ६०० डॉलरच्या वरचा खेळाडूंचा प्रत्येक जाहिरात-करार तपासणे. एखाद्या विद्यार्थिनीला मारहाण झाल्याची तक्रार आली तर मारणारा येत्या शनिवारी खेळेल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या यादीत नाही. तो बहुतेक ठिकाणी आजही १९९५ मध्ये जिथे होता तिथेच, मुख्य प्रशिक्षकाच्या कार्यालयात आहे.